मागे दोघे, की एकच?

सेंट ओडाइल, लुइझियाना
९ सप्टेंबर १९८६

प्रिय थेरॉन,

आशीर्वाद. तुमच्या हॉस्टेलच्या बोळातला तो एकुलता एक फोन मी रविवारी तीनदा लावला. दोनदा कुणी उचलला नाही. तिसऱ्यांदा कुणीतरी उचलून "थेरॉन झोपलाय" म्हणाला आणि मागून तुझंच हसू ऐकू आलं. मी काही अजून बहिरी झालेली नाही. म्हणून आता पत्र. पत्रापुढे झोपेचं सोंग चालत नाही.

शनिवारी तुझा फुटबॉलचा सामना ऐकायला आम्ही सगळे शाळेच्या कॅन्टीनमध्ये रेडिओ लावून बसलो होतो. तू तो एका हाताने बॉल पकडलास तेव्हा रेडिओवाल्या बडचा आवाज चिरकला, आणि आपल्या शाळेचा तो धाकटा कोच पर्सी असा उडाला की टांगलेल्या पळ्यांवर त्याचं डोकं आपटलं. टेंगूळ आलं तरी हसतोय. सोमवारच्या पेपरातला फोटो न्हाव्याने काच लावून भिंतीवर टांगला, दुसरा मी कॅन्टीनमध्ये लावला. हवेत आडवा झाला आहेस आणि बॉल बोटांच्या टोकांवर. पोरं ताट घेऊन त्याच्याखालीच उभी राहतात, रांग पुढे सरकत नाही.

आणि मग शेवटी तो साधा बॉल. सरळ छातीवर आलेला, आजूबाजूला चिटपाखरू नाही, आणि तुझ्या हातून सुटला. बड म्हणाला, "हा पोरगा अवघड ते पकडतो आणि सोपं ते सांडतो." सगळं कॅन्टीन माझ्याकडे बघायला लागलं, जसा काही मीच सांडला.

हे तुझं शेवटचं वर्ष आहे, थेरॉन. व्यावसायिक संघांची माणसं प्रत्येक सामन्याला येऊन बसतात आणि वसंतात निवड होते. साखर कारखान्याच्या पाण्याच्या टाकीवर लोकांनी तुझं नाव रंगवलंय, एवढं मोठं की हमरस्त्यावरून वाचता येतं. तुझी आई व्हर्निस गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास. तेव्हापासून मी तुला हातातली वस्तू नीट धर म्हणून सांगत आले, बशी असो की दुधाचा पेला. मनात काय चाललंय ते लिही.

तुझी मावशी,
आल्मा

*

विद्यापीठ, १७ सप्टेंबर

प्रिय मावशी,

मी खरंच झोपलो होतो. हसणारा दुसरा कुणी असेल.

इथे ठीक आहे. जेवण भरपूर आणि बेचव. सोमवारी राजमा-भात म्हणून जे देतात ते तू पाहिलंस तर स्वयंपाक्याला उलटा टांगशील.

त्या एका हाताच्या बॉलबद्दल सगळे बोलतात. सुटलेल्या बॉलबद्दलही बोलतात. मधल्या दोन तासांत मी काय केलं हे कुणालाच आठवत नाही, मलाही नाही. मनात काही नाही, मावशी. सोपा बॉल येतो तेव्हा तो सोपा आहे हे मला फार आधी कळतं, एवढंच.

टाकीवरचं नाव पुसायला सांगता येईल का?

थेरॉन

*

सेंट ओडाइल, ३० सप्टेंबर

प्रिय थेरॉन,

नाव पुसणार नाही. तुझ्यासाठी कारखान्याच्या पाळीतले अर्धे कामगार दोरखंड लावून वर चढले होते, त्यातल्या एकाचा खांदा अजून दुखतोय.

आता सरळ विचारते. मुलगी आहे का? दारू आहे का? अभ्यासात नापास होतोयस का? कारण शनिवारी टेक्सासवाल्यांशी झालं ते काही मला समजलं नाही. शेवटची दोन मिनिटं, आपण पुढे, आणि तो डॅनी फोर्टनर बॉल फेकतो तर तिथे कुणीच नाही! मोकळं गवत! टेक्सासचा पोरगा येतो, बॉल उचलल्यासारखा हवेत पकडतो आणि पळत सुटतो. सामना गेला. बड म्हणाला, "थेरॉन बातिस्त कुठे होता? थेरॉन बातिस्त आपल्याच जगात होता." लगेच जाहिरात लागली, गाद्यांची.

चर्चमध्ये पास्टर मला म्हणाले, "सिस्टर आल्मा, पोराचं लक्ष विचलित झालंय, आपण सगळे प्रार्थना करू." प्रार्थना करा, पण असं डोकं हलवून करू नका, एवढंच मी म्हणाले. मनातल्या मनात.

तू कुठे होतास? मला खरं सांग. मी तुझ्या बाजूची आहे, पण बाजू कुठली ते मला कळू तरी दे.

आल्मा मावशी

*

विद्यापीठ, ३ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

मुलगी नाही. दारू नाही. इतिहासात कसाबसा पास आहे.

ऐक. मी धावायला लागतो तेव्हा मला कुठे वळायचं ते ठरलेलं नसतं. समोरच्या संघाचे मागे दोन राखणदार असले तर मधली जागा मोकळी असते, मग मी आत वळायचं. एकच असला तर तो बरोबर मध्ये उभा असतो, मग बाहेर, रेषेकडे वळायचं. डॅनीही तेच बघत असतो. बॉल फेकणारा क्वार्टरबॅक असला तरी त्याच्याकडे वेळ नसतो. मी वळायच्या आधीच त्याने बॉल सोडलेला असावा लागतो. दोघांना एकच दिसलं तर बॉल येऊन हातात बसतो. वेगवेगळं दिसलं तर गवतावर.

शनिवारी मी आत वळलो. त्याने बाहेर फेकला.

आमच्यात एक नियम आहे. क्वार्टरबॅक चुकला असं मैदानाबाहेर कुणी कधीही बोलायचं नाही. पेपरवाला विचारतो, आपण "माझं चुकलं" म्हणायचं आणि टॉवेल उचलून चालू लागायचं. मी तेच म्हणालो. याहून जास्त मी लिहिणार नाही. तू शहाणी आहेस.

हे तुझ्यापाशीच ठेव.

थेरॉन

*

सेंट ओडाइल, ८ ऑक्टोबर

माझ्या गुणी थेरॉन,

तुझं पत्र वाचून मला इतकं भरून आलं की डाळीत मीठ दोनदा पडलं. दुसऱ्याचं पाप आपल्या डोक्यावर घेऊन गप्प बसणारं पोर मी वाढवलं, हे मला ठाऊक नव्हतं. तो फोर्टनर गोरा आहे, बापाचं राजधानीत वजन आहे, म्हणून तू तोंड शिवून बसायचं आणि सगळ्या राज्याने तुला नावं ठेवायची, होय?

पत्र मी पर्सीला दाखवलं. फक्त पर्सीला. त्याने रविवारचा पेपर आणला. त्यात स्टेडियमच्या छपरावरून काढलेला मोठा फोटो आहे, नेमका त्याच डावाचा, सगळे बावीस जण दिसतात. पर्सीने टेबलावर राजम्याचे दाणे मांडले आणि मला समजावलं. आम्ही फोटोत मोजलं. मागे दोघे! स्वच्छ दोघे, थेरॉन. म्हणजे आत वळायचं. म्हणजे तू बरोबर होतास.

मग मी काय केलं ते ऐक आणि रागावू नकोस. सोमवारी संध्याकाळी तुमच्या मोठ्या कोचचा रेडिओवर तास असतो ना, त्या हॉटेलात बसून लोकांचे फोन घेतात तो? मी फोन लावला. अर्धा तास कानाला धरून उभी होते, इकडे राजमा करपला.

बड म्हणाला, "बोला बाई, कुठून बोलताय?"

म्हटलं, "ते महत्त्वाचं नाही."

"नाव?"

"तेही नाही. मला कोचना विचारायचंय, मागे दोन राखणदार असले तर बॉल पकडणाऱ्या रिसीव्हरने कुठे वळायचं?"

कोच हॅलबर्ट खाकरले. म्हणाले, "आत."

"मग माझ्या बहिणीचा मुलगा आत वळला होता. पेपरात फोटो आहे, हवं तर मोजा. बॉल बाहेर फेकणारा कोण होता ते तुम्हीच सांगा."

हॉटेलातले काटे-चमचेसुद्धा थांबले. मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि हा गलका! कोच म्हणाले, "बाई, तुम्हाला फुटबॉल कुणी शिकवला?" म्हटलं, "मला मोजता येतं, तेवढं पुरे." फोन ठेवला आणि करपलेला राजमा खरवडायला घेतला.

गावात मी आज राणी आहे. न्हाव्याने रस्ता ओलांडून येऊन हात मिळवला. नाव सांगितलं नव्हतं, तरी आवाज ओळखला म्हणे सगळ्यांनी. आता लोकांना कळेल तू काय आहेस.

तुझी मावशी

*

विद्यापीठ, १० ऑक्टोबर

मावशी,

हे काय केलंस तू. मी लिहिलं होतं ना, तुझ्यापाशीच ठेव म्हणून.

आता फोन करू नकोस. कुणाला काही सांगू नकोस. मलाही काही दिवस लिहू नकोस.

थेरॉन

*

सेंट ओडाइल, २१ ऑक्टोबर

प्रिय थेरॉन,

लिहू नकोस म्हणालास तरी लिहिते. तू रागावलास तर निदान जिवंत आहेस हे कळेल.

दोन शनिवार रेडिओ ऐकला. तुझं नाव एकदाही आलं नाही. पाय मोडला का? बडने सांगितलं नाही, पर्सीला माहीत नाही. आणि त्या फोर्टनरची आपल्याच लोकांनी हुर्यो उडवली, घरच्या मैदानावर. रेडिओतून स्पष्ट ऐकू येत होतं, घोंगावल्यासारखं. आधी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग बडने सांगितलं की पेपरवाल्यांनी डॅनीला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "त्या बाई बरोबर आहेत. चूक माझी होती." इतकं सरळ कबूल करेल असं मला वाटलं नव्हतं. बरं वाटायचं बंद झालं. त्यालाही आई असेल, तीही कुठेतरी रेडिओजवळ बसली असेल.

रताळ्याची गोड पाई भाजून बसने पाठवलीय. दोन आहेत. एक तुला. दुसरी कुणाला द्यायची ते तू ठरव.

मावशी

*

विद्यापीठ, २७ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

पाय मोडलेला नाही. कोचने मला बाकावर बसवलंय. तुझ्या फोनमुळे नाही. हे वाचताना तू बसून घे.

त्या डावात मागे दोघे होते, हे खरं. पण तो फोटो बॉल निघायच्या आधीचा आहे. बॉल निघाला तसा त्यातला एक हळूच पुढे सरकला आणि मागे एकच उरला. ते नेहमीच असं फसवतात. म्हणून तर धावता धावता बघायचं असतं. डॅनीने बघितलं आणि बाहेर फेकला. मी बघितलंच नाही. तू आणि पर्सीने फोटो बघून ठरवलंत, मीही तसंच, पहिल्यांदा दिसलं तेच धरून पळालो. डॅनी बरोबर होता. मी चुकलो होतो.

तुला लिहिलेल्या पत्रात मी एक अक्षरही खोटं लिहिलं नव्हतं. पण तुला काय वाटेल ते लिहितानाच मला ठाऊक होतं, आणि मी ते वाटू दिलं. एका तरी माणसाने मला बरोबर समजावं असं वाटत होतं. ते माणूस तू होतीस. पेपरवाल्यांपुढे मी "माझं चुकलं" म्हणालो तेही असं मान खाली घालून की ऐकणाऱ्याला वाटावं, बिचारा कुणाला तरी वाचवतोय.

त्यात डॅनीचा गोरेपणा नाही की बापाचं वजन नाही. गेल्या वर्षी आमचा क्वार्टरबॅक काळा होता, तेव्हाही नियम हाच होता.

डॅनीने कबूल केलं ते पेपरात आलं तेव्हा मी त्याच्याकडे गेलो. तो बर्फाच्या टबात गळ्यापर्यंत बसला होता, ओठ निळे पडलेले. मी म्हणालो, "तू खोटं का बोललास?"

"नियम आहे ना."

"तो क्वार्टरबॅकला वाचवायचा नियम आहे."

"कुणी सांगितलं? मला तर दोन्हीकडून शिकवलाय." मग म्हणाला, "तुझ्या मावशीचा आवाज जबरदस्त आहे रे. माझी आई म्हणाली, हिला कोच करा."

मी म्हटलं, उद्या रेडिओवर जाऊन खरं सांगतो. तो म्हणाला, "अजिबात नको. पुन्हा आठवडाभर तेच चघळत बसतील. मी तुझ्यावर रागावलेलो नाही, थेरॉन. मी तुझ्याकडे बॉल फेकत नाही, एवढंच. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

मला वाटलं होतं तो शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग तो टबातून उठला आणि त्याने कूस दाखवली. बरगड्यांवर वांग्याच्या रंगाचा डाग, तळहाताएवढा. म्हणाला, "बाकीच्यांकडे मी डोळे मिटून फेकतो. तू कुठे गेलायस ते मला थांबून बघावं लागतं. तेवढ्या वेळात हे लोक येऊन आदळतात." आणि शेवटी म्हणाला, "तो तुझा एका हाताचा फोटो सगळीकडे लावलाय. बॉल कुठे चालला होता ते बघ एकदा. मी जिथे फेकला तिथे तू नव्हतास, म्हणून आडवं पडावं लागलं तुला. जागेवर असतास तर छातीवर आला असता. मग फोटो कुणी काढला असता म्हणा."

मावशी, मी वसतिगृहात येऊन विचार करत बसलो. शाळेपासून मी कुठेही पळालो तरी चालायचं. पर्सी म्हणायचा, तू फक्त पळ, बाकी आम्ही बघू. चुकीच्या जागेवरून बॉल ओढून आणला की लोक उभे राहायचे. बरोबर जागेवर गेलो तर कुणी मान वर करून बघत नसे. मी कशाला शिकू बरोबर जागेवर जायला?

आता रोज सकाळी डॅनीबरोबर सामन्यांच्या फिल्म बघायला बसतो. मी विचारलं, म्हणजे फेकशील ना माझ्याकडे? म्हणाला, "सांगत नाही." डॅनीने ज्याच्याकडे फेकायचंच सोडलं तो रिसीव्हर म्हणजे मैदानावर फुकट पळणारा माणूस. निवडीचं सोड, मला तेच खातंय.

दुसरी पाई डॅनीला दिली. अख्खी खाल्ली त्याने, मला तुकडाही दिला नाही.

थेरॉन

*

सेंट ओडाइल, ५ नोव्हेंबर

प्रिय थेरॉन,

बसून घे म्हणालास, मी उभ्यानेच वाचलं. मग बसले.

तुझा फार राग आला. इथे असतास तर लाटणं घेऊन मागे लागले असते, एवढा सहा फुटी झालास तरी. तू मला वापरलंस, थेरॉन. माझ्या तोंडून त्या पोराची हुर्यो उडवलीस. आणि मग माझाच जास्त राग आला. तू थोडंसं सुचवलंस आणि मी धावत सुटले, कारण मला तेच ऐकायचं होतं. चर्चमध्ये, दुकानात लोक मला "थेरॉनची मावशी" म्हणून हाक मारतात ते मला फार गोड लागतं. आल्मा म्हणून कुणी हाक मारल्याला वर्षं झाली. तू चुकला असशील हे मनात आलंच नाही असं नाही. येत होतं, मी आत येऊ दिलं नाही.

रेडिओला फोन लावणार नाही, शपथ. पण या गावात मीच बोलले होते, तर या गावात मीच गिळायला हवं. रविवारी पास्टरांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का. मी उठले. म्हणाले, "मी त्या डॅनी फोर्टनरबद्दल सगळ्या राज्यासमोर खोटं बोलले. मुद्दाम नाही, पण बोलले. चूक माझ्या पोराची होती. त्याला क्षमा मागायची तेवढी ताकद द्या, आणि मला तोंड बंद ठेवायची." एकट्या म्हाताऱ्या सिस्टर पर्ल "आमेन" म्हणाल्या, पण त्यांना ऐकू येत नाही, त्या सगळ्यालाच आमेन म्हणतात.

पर्सी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. ताट घेतो, मान वळवतो. म्हणाला, "आपल्याच पोराला कुणी असं उघडं पाडतं?" न्हाव्याने टाकीचा विषय काढला. टाकीचं जे व्हायचं ते होवो.

कॅन्टीनमधला फोटो आज नीट बघितला. खरंच रे, पाय एकीकडे चाललेत आणि हात दुसरीकडे. इतके दिवस रोज बघत होते. पण काढला नाही. त्यात तू छान दिसतोस.

फिल्म बघ. झोप येऊ देऊ नकोस.

मावशी

*

सेंट ओडाइल, ३० नोव्हेंबर

माझ्या बाळा थेरॉन,

थँक्सगिव्हिंगला तू नव्हतास, टर्की अर्धी उरली. आणि काल रात्रभर मला डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून चर्चला जायच्या आधी लिहायला बसले.

शेवटचा सामना ऐकायला पर्सीसुद्धा आला, न बोलता येऊन कोपऱ्यात बसला. सामन्याच्या शेवटच्या पाव भागात बडने तुझं नाव घेतलं, "बातिस्त आत येतोय," तेव्हा मी सिस्टर पर्लचा हात एवढा दाबला की त्या ओरडल्या. आपण चार गुणांनी मागे, वेळ संपत आलेली. आणि मग बड म्हणाला, "फोर्टनर फेकतोय बातिस्तकडे, एकटा आहे, छातीवर, आणि... सांडला! सांडला! तोच जुना थेरॉन बातिस्त!" पर्सी उठला, रेडिओ बंद केला आणि निघून गेला. मी पुन्हा लावू दिला नाही कुणाला. मिसिसिपीवाले जिंकले ते सकाळी पेपरात वाचलं.

बाळा, मला एवढंच सांगायचंय. संपलं ते संपलं. तू फिल्म बघितल्यास, पहाटे उठलास, आणि तरी तो तुझ्या हातून सुटला, याचं दुःख तुला किती झालं असेल ते मला कळतं. निवड नाही झाली तर नाही. शाळेत खेळाच्या मास्तरची जागा होणार आहे. नाहीतर दुसरं काही बघू. तू घरी ये. कुणी काही बोललं तर मी आहे, आणि मी काय करू शकते ते आता सगळ्या राज्याला माहीत आहे.

रडावंसं वाटलं तर रड. इथे येऊन रड.

तुझी मावशी

*

विद्यापीठ, ४ डिसेंबर

प्रिय मावशी,

नाताळला येतोय. डॅनीलाही आणू का? त्याने विचारलंय की तू त्याला चावणार तर नाहीस. टर्की उरली असेल तर गंबोच्या रश्श्यात घालून संपव, आमच्यासाठी ताजं कर.

निवडीचं काही सांगता येत नाही. वह्या घेऊन बसलेल्या माणसांनी बडसारखंच काहीतरी लिहून घेतलं असेल. शाळेची नोकरी वाईट नाही, पण पर्सीला अजून माझं हे सगळं सांगू नकोस. तो आधीच दुखावलाय.

आता तुझ्या पत्राबद्दल. तुम्ही रेडिओ जरा लवकर बंद केलात.

त्या डावात मागे दोघे उभे होते. मी पळायला लागलो, पण या वेळी त्यांच्यावरून नजर काढली नाही. डावीकडचा हळूच पुढे सरकला. मागे एकच उरला. मी बाहेर वळलो. आणि वळलो तर बॉल हवेत होता, मावशी. मी वळायच्या आधी डॅनीने तो सोडला होता. थांबून बघितलं नव्हतं. इतका वेळेवर बॉल मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि मला त्याची सवयच नव्हती. छातीवर आदळला आणि खाली पडला.

सगळं स्टेडियम माझ्या नावाने ओरडत होतं. मी गवतावर गुडघे टेकून होतो. डॅनी पळत आला. मला वाटलं, आता संपलं, आता हा पुन्हा कधी फेकणार नाही. त्याने माझ्या हेल्मेटची जाळी धरून मला वर ओढलं. हसत होता, दात दिसत होते सगळे.

"होतास तू!" म्हणाला. "अरे, होतास तिथं!"

परत आपल्या संघाच्या घोळक्यात जाऊन त्याने पुढचा डाव सांगितला, तोही माझ्याच नावाचा. कुणीतरी म्हणालं, "पुन्हा त्याच्याकडे?" डॅनी वळून आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

तो मी पकडला. सहा यार्ड मिळाले. टाळी एकही नाही, लोक अजून आधीच्या बॉलवरून शिव्या देत होते.

तुझा,
थेरॉन